चंदेरी पोंगा दिसला की पंप नको, आधी ब्लेड काढा

धानाच्या बांधीत चंदेरी पोंगे दिसायला लागले की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एक पोंगा उपटायचा, खिशात घालायचा, दुकानात दाखवायचा. दुकानदार दोन बाटल्या आणि एक टॉनिकची पुडी काढून देतो. दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप. आठ-पंधरा दिवसांनी पोंगे वाढायचे थांबले तर "औषध लागलं" आणि नाही थांबले तर "औषध डुप्लिकेट होतं". माझं मत सरळ सांगतो. गादमाशीसाठी पोंगा दिसल्यावर मारलेली फवारणी बहुतेक वेळा वाया जाते. औषध असली आहे की नकली, याचा त्यात संबंधच नसतो. कित्येकदा त्या फवारणीनं नुकसानच जास्त होतं.

काहून, ते समजायला पोंगा म्हणजे काय ते आधी बघावं लागेल.

गादमाशी दिसायला डासासारखी, पोट नारिंगी-लालसर. रात्री फिरते, जगते एक ते तीन दिवस. तेवढ्यात मादी शंभरावर अंडी घालते, बहुतेक पानांच्या खालच्या बाजूला नाहीतर पान आणि खोळ जुळते त्या ठिकाणी. तीन ते पाच दिवसांत अळी निघते. ही अळी खोडकिड्यासारखी खोड पोखरत नाही. पानाच्या खोळीतून, ओलीच्या आधारानं, सरपटत खाली जाते आणि फुटव्याच्या वाढीच्या टोकाशी जाऊन बसते. तिथं तिच्या लाळेमुळं झाडाचं गणित बिघडतं. जिथून पान आणि नंतर लोंब निघायची तिथं झाड एक पोकळ नळी बांधतं. कांद्याच्या पातीसारखी, फिक्कट हिरवी ते रुपेरी. हाच पोंगा. गंमत बघा, घर झाडाचं, विटा झाडाच्या, मजुरी झाडाची, राहायला मात्र अळी. त्या फुटव्याला लोंब येत नाही.

अळी आत पंधरा-वीस दिवस खाते, मग कोष. पोंगा बाहेर लांब आणि ठळक दिसतो तोवर अळी पूर्ण वाढलेली असते किंवा कोषात गेलेली असते. पुढं कोष नळीतून वर सरकतो, टोकाशी भोक पाडतो, अर्धा बाहेर येतो आणि माशी उडून जाते. भोकात कोषाची पांढरी साल अडकून राहते. टोकाला भोक आणि त्यात साल दिसली तर पाखरू उडालं म्हणून समजा. आता तिथं काय फवारता?

नीट विचार करा. अळी नळीच्या आत, तिच्यापर्यंत फवारा पोचत नाही. माशी बाहेर येते ती रात्री, आणि जगते दोन-तीन दिवस. सगळ्या माश्या एकाच दिवशी निघत नाहीत, त्यामुळं तुमची एक फवारणी फार तर एका-दोन रात्रीच्या माश्या गाठते. आणि जो पोंगा झाला तो झाला. त्या फुटव्याची लोंब कोणतंही औषध परत आणत नाही. ज्याच्या पोंग्याला औषधानं पुन्हा लोंब आली असा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

"पण आमच्या बाजूच्यानं मारलं आणि पोंगे थांबले की!" हे दर हंगामात ऐकायला मिळतं. थांबतीलच. पोंगा तयार होतो तो फुटवे धरायच्या काळात. एकदा धानानं लोंबीचा गर्भ धरला की अळीला पोंगा करायला जागाच उरत नाही. म्हणजे उशिरा मारलेली फवारणी आणि पिकाचं वय एकाच आठवड्यात जुळून येतात, आणि श्रेय बाटली घेऊन जाते. ज्याला खरंच तपासायचं असेल त्यानं बांधीचा एक कोपरा न मारता सोडून बघावा. तिथलेही पोंगे थांबलेले दिसतील. पैसे घालायच्या आधी एवढं बघायला काही लागत नाही.

आता त्या नुकसानीचं बोलतो, कारण ते दिसत नाही. गादमाशीचा एक वैरी आपल्याच बांधीत असतो. प्लॅटीगॅस्टर ओरायझी नावाची काळी, जेमतेम एक मिलिमीटरची गांधीलमाशीच्या जातीतली माशी. ती गादमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी निघते, खाली जाते, पोंगाही करते, पण तिच्या पोटात प्लॅटीगॅस्टरची पिल्लं वाढत असतात, एका अंड्यापासून कितीतरी. कोषात जायच्या आधीच गादमाशीची अळी मरते आणि तिच्या सालीतून गादमाशीऐवजी या बारक्या माश्यांचा पुंजका बाहेर पडतो. म्हणजे बाहेरून सारखेच दिसणारे दोन पोंगे असतात. एकातून शत्रू निघणार, दुसऱ्यातून रखवालदार. फवारा या दोघांना ओळखत नाही. आत असेपर्यंत दोघंही सुरक्षित, पण बाहेर आल्यावर बारकी माशी औषध लागलेल्या पानांवर अंडी शोधत फिरते, म्हणून मरण तिचंच आधी येतं. पुढच्या पिढीच्या गादमाशीला मग रान मोकळं.

म्हणून ब्लेड. दाढीचं, अर्धं मोडलेलं चालेल. बांधीत फिरून वेगवेगळ्या ठिकाणचे वीस-पंचवीस पोंगे बुडापासून काढा आणि उभे चिरा. बुडाशी फिक्कट गुलाबी ते लालसर जिवंत अळी किंवा कोष दिसला तर गादमाशी. अळीची साल ताणलेली, तपकिरी, आत बारीक दाण्यांसारखं खच्चून भरलेलं दिसलं तर ते आपले रखवालदार. नळी रिकामी आणि वर भोक असेल तर माशी गेली. ब्लेडवर भरवसा नसेल तर पोंगे बाटलीत घाला, तोंडाला पातळ फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. काय बाहेर येतं ते चार-आठ दिवसांत दिसतं. निम्म्याच्या आसपास पोंग्यांत रखवालदार असतील तर मी तरी पंपाला हात लावणार नाही.

आणखी एक गोंधळ इथंच मिटतो. खोडकिड्याचा गाभेमर आणि गादमाशीचा पोंगा दुकानात एकाच नावानं खपतात. गाभेमरात मधलं पान वाळतं, पिवळं-तपकिरी होतं आणि ओढलं की सटकन हातात येतं, खाली कुरतडलेलं असतं. पोंगा वाळलेला नसतो, जिवंत असतो, पोकळ असतो. दोन्हींचा इलाज वेगळा, वेळ वेगळी. लांबून मोबाईलवर फोटो काढून विचारलं तर कृषी सहायकालाही सांगता येणार नाही, त्याला दोष देऊ नका. चिरलेल्या पोंग्याचा फोटो पाठवा.

मोजणीबद्दलही बोललं पाहिजे. शिफारस साधारण ५ टक्के पोंग्यांची आहे. लोक काय करतात, बांधीच्या धुऱ्यावरून बघतात, चार पोंगे चमकताना दिसले की "पूर्ण गेलं हो" म्हणतात. रुपेरी रंग लांबून उठून दिसतो, हिरवा दिसत नाही, म्हणून डोळा फसतो. आत जा. आडवेतिडवे वीस चूड निवडा, प्रत्येकातले फुटवे मोजा. समजा सरासरी बारा फुटवे, म्हणजे एकूण २४०. त्यात १२ पोंगे निघाले तर ते झाले ५ टक्के. पाच-सहाच निघाले तर घरी जाऊन चहा घ्या. शिवाय फुटवे धरायच्या सुरुवातीला पोंगा झाला तर धान नवे फुटवे काढून थोडीफार भरपाई करतं, म्हणून ५ टक्के पोंगे म्हणजे ५ टक्के उत्पन्न गेलं असा हिशेब बसत नाही. ते नवे फुटवे मागास राहतात किंवा त्यांच्यातच पुन्हा अळी जाते, तेव्हा मात्र नुकसान मोठं होतं. ते होऊ नये म्हणून काम करायचं ते आधी, पोंगा दिसायच्या आधी. पऱ्ह्यांत, आणि रोवणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात. दाणेदार औषध द्यायचंच असेल तर त्याची वेळ हीच, पऱ्हे उपटायच्या चार-पाच दिवस आधी नाहीतर रोवणीनंतर लगेच, बांधीत पाणी अडवून. कोणतं द्यायचं ते विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीत बघा, जुन्या वहीत बघू नका. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. "जुना माल आहे, घेऊन जा" म्हणून कोणी दिलं तर ठामपणे नाही म्हणा.

आता थोडं धानाबाहेर जातो, कारण खरी अडचण मला शब्दाची वाटते.

इंग्रजीत जे गॉल, त्याला आपण गाठ म्हणतो. पण आपण गाठ कशाकशाला म्हणतो बघा. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळावर जिवाणूंच्या गाठी असतात, त्या नत्र देतात, त्या चांगल्या. टोमॅटो, भेंडी, वांगी, डाळिंबाच्या मुळावर सूत्रकृमीच्या गाठी असतात, त्या पीक खातात. गुलाबाच्या, द्राक्षाच्या खोडावर एका जिवाणूमुळं खडबडीत गाठ येते. करंजाच्या पानावर पुरळ उठल्यासारख्या गाठी येतात, त्या अष्टपदींच्या जातीतल्या अतिसूक्ष्म कोळ्यांमुळं. कोथिंबिरीच्या खोडावर फुगवटे येतात ते बुरशीमुळं. पाच कारणं आणि शब्द एक. मग दुकानात जाऊन "झाडाला गाठी आल्या" म्हटलं की समोरचा माणूस जे कपाटात आहे ते देतो. तो तरी काय करणार?

कीटकनाशक कोळ्यावर चालेलच असं नाही, बुरशीनाशक सूत्रकृमीवर चालत नाही, आणि जिवाणूच्या गाठीवर यातलं काहीच चालत नाही. म्हणून कोणत्याही गाठीचा पहिला प्रश्न "काय मारू?" नसतो, "आत कोण?" हा असतो. मुळांचंच घ्या. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, अंगठ्यानं ढकलली की सुटते, फोडली तर आत गुलाबी-लाल. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. एवढी एक खूण प्रत्येक शाळकरी पोरालाही शिकवता येते. धानाच्या पऱ्ह्यांतही ही सूत्रकृमी असते, मुळाच्या टोकाला आकड्यासारखी वाकडी गाठ करते. वर पऱ्हे पिवळे पडतात आणि आपण युरिया टाकत बसतो. पिवळे ठिपके-ठिपके पडलेल्या वाफ्यातून चार रोपं पाण्यात हलक्या हातानं धुऊन बघा, मग युरियाची पिशवी फोडा.

आणि करंजाची गाठ बघून करंज तोडू नका, हे मुद्दाम सांगतो. "धुऱ्यावरच्या करंजाचा रोग पिकात येतो" म्हणून झाडं छाटलेली मी बघितली आहेत. गाठ करणारे कीटक आणि कोळी बहुतेक एकाच झाडाला, फार तर त्याच्या जवळच्या भाऊबंदांना चिकटून असतात. करंजाचा कोळी धानावर येत नाही, तुरीवरही येत नाही. तुरीचा वांझ रोग पसरवणारा कोळी त्याच घराण्यातला आहे खरा, पण तो वेगळा, आणि तो तुरीवर गाठ करत नाही, विषाणू नेतो. करंज तोडून तुरीचा वांझ थांबत नाही. वांझ झालेली तूर दिसली की ती मात्र लगेच उपटावी.

गाठ म्हटली की वाईटच, असंही नाही. बाळगुटीत उगाळतो ते मायफळ हे फळ नव्हेच. इराण-तुर्कस्तानाकडच्या एका ओक झाडावर गांधीलमाशीच्या जातीची बारकी माशी अंडं घालते, त्याभोवती झाड गाठ बांधतं, ती वाळवली की मायफळ. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातली पहिली गाठ पाळण्यात चाटली आहे. काकडशिंगी तशीच, हिमालयाकडच्या झाडावर माव्यानं केलेली. उंबराच्या आतल्या फुलांत काही फुलांची गाठ होते आणि त्यात उंबरमाशी वाढते. तीच परागकण नेते. ती नसती तर उंबराला बी धरलं नसतं. असो, विषय भरकटला.

परत बांधीत येतो. गादमाशीचं खरं दुखणं बाटलीनं सुटत नाही, ते रोवणीच्या तारखेत आहे. आणि इथं गावातला सगळ्यात कमजोर माणूस मार खातो.

पाऊस लागला की गादमाशी आधी देवधानावर आणि पडीतल्या फुटव्यांवर एखादी पिढी काढते. मग ज्यांची रोवणी लवकर झाली त्यांच्या बांधीत येते, पण संख्येनं थोडी. तिथं पिढी वाढवते. साधारण तीन-चार आठवड्यांत एक पिढी. ढगाळ वातावरण, रिमझिम, दमट हवा असली की जोर धरते. तोवर लवकरच्या धानाचा फुटव्यांचा काळ संपत येतो, आणि वाढलेल्या माश्या उडून जातात त्या उशिरा रोवलेल्या, कोवळ्या धानावर. उशिरा कोण रोवतो? ज्याच्या हातात तलावाचं पाणी नाही तो. मामा तलावाच्या वरच्या अंगाला ज्याची बांधी आहे त्याचे पऱ्हे पाण्यात, रोवणी वेळेवर. शेपटाकडचा माणूस पावसाची वाट बघतो, मजूर वरच्या लोकांकडे अडकलेले असतात, पऱ्हे म्हातारे होतात. शेवटी रोवणी होते तेव्हा सगळ्या गावाची गादमाशी त्याच्यावर. मग तो उधारीवर औषध आणतो. वरच्यापेक्षा जास्त आणतो, कारण त्याच्याकडे पोंगे जास्त असतात. त्याला वाटतं आपलंच चुकलं.

हे त्या माणसाच्या चुकीचं नाही. एक गाव, एक तलाव, तर रोवणीही पंधरा-वीस दिवसांच्या आत उरकायला हवी, असं माझं मत आहे. पाणी वाटप संस्थेच्या सभेत पाण्याच्या पाळीबरोबर पऱ्हे टाकायची तारीखही ठरवावी. पहिलं पाणी शेपटाला द्यावं असं म्हणणारे कमी आहेत, मी त्यांच्यातला आहे. गादमाशीसाठी वरच्या माणसाचाही त्यात फायदाच आहे. शेपटाकडं वाढलेली माशी पडीतल्या फुटव्यांवर, गवतात टिकते आणि पुढच्या साली वरच्याच्याच दारात येते. ज्याला उशीर टळणारच नाही त्यानं निदान नत्र एकदम टाकू नये. हिरवागार लुसलुशीत धान गादमाशीला आवडतो, युरिया तीन हप्त्यांत द्यावा. आणि वरच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधीतले, आत रखवालदार असलेले पोंगे आणून आपल्या बांधीत खोचावेत. रोवणीनंतर दहा दिवसांनी, दर १० चौरस मीटरला एक. ही काही माझी युक्ती नाही, एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शिफारशींत ती आहे. पण तिचं बाटलीत पॅकिंग होत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

शेवटी बियाण्याचं. इथं माझा रोख कृषी शास्त्रज्ञ मंडळींकडे आहे, कारण तेही हे वाचतात. "गादमाशी प्रतिकारक" असं लिहिलेलं वाण आम्ही घेतो आणि दोन-तीन वर्षांत त्यावर पोंगे दिसतात. मग शेतकरी म्हणतो बियाणं खोटं. खरं वेगळंच असतं. गादमाशी एक नाही, भारतात तिचे सात जैवप्रकार नोंदले आहेत. धानात प्रतिकाराची जनुकं दहाच्या वर सापडली आहेत आणि कोणतंही एक जनुक सगळ्या जैवप्रकारांना पुरून उरत नाही. फाल्गुना हे वाण गादमाशीला दाद देत नाही म्हणून नावाजलेलं होतं. १९८० च्या दशकात आंध्रच्या उत्तर किनाऱ्याकडे श्रीकाकुलम भागात नवा जैवप्रकार उभा राहिला आणि फाल्गुनावर पोंगे आले. वर्षानुवर्षं एकच प्रतिकारक वाण शेकडो एकरांवर लावलं की त्यातून तगणारी माशी मागं राहते, तिचीच पिलावळ वाढते. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

तर मग नुसतं "प्रतिकारक" लिहिणं पुरेसं आहे का? मला वाटतं नाही. कोणत्या जैवप्रकाराला प्रतिकारक, ते पिशवीवर लिहा. आणि आमच्या तालुक्यात कोणता जैवप्रकार आहे ते दर तीन-चार वर्षांनी तपासून सांगा. हे काम आमच्या हातून होणार नाही, ब्लेडनं जैवप्रकार ओळखता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या जनुकांची ठराविक वाणं ओळीनं लावून कोणत्या ओळीवर पोंगे येतात ते बघावं लागतं. बियाणं आणि आराखडा द्या, एका बांधीचा तुकडा देणारा शेतकरी प्रत्येक तालुक्यात मिळेल. पोंगे मोजून वही भरायचं काम आम्ही करू. रोवणी झाल्यावर पंचवीस दिवसांनी पहिली मोजणी, चाळीस दिवसांनी दुसरी, तोवर त्या तुकड्यात कसलीही फवारणी नाही.